पंधरावी केबल

"सरकार नेट बंद करू शकतं का हो?" असा विषय जेवणाच्या सुट्टीत निघाला, तेव्हा केबलखोलीचे हेडमिस्त्री छाती फुगवून म्हणाले होते, "सरकारचं सोडा, मी करू शकतो! देशातलं सगळं नेट माझ्या खोलीतल्या चौदा केबलमधून जातं. चौदाच्या चौदा मी स्वतः टाकल्यात."

नुसती फुशारकी नव्हती ती. प्रत्येक केबलवर मेण लावलेल्या दोऱ्याची त्यांची गाठ होती. इथली रीतच तशी, ज्यानं केबल टाकली त्यानं आपली गाठ मारायची. गाठ पाहून माणूस ओळखता यायचा. मिस्त्रींचे वडील आप्पाही याच खोलीत टेलिफोनच्या तारा टाकायचे. त्यांची डावखुरी, उलट्या पिळाची गाठ पुन्हा कुणालाच जमली नाही. नेट येण्याआधीच ते गेले.

आठवड्याभरात साहेब नेट बंद करायचा सरकारी हुकूम घेऊन हजर झाले, भर दुपारी. दाराशी दोन बंदूकवाले. फुशारकी अशी अंगाशी आली.

मिस्त्रींची लेक त्या वेळी चौकात निदर्शनाला बसली होती. चहूबाजूंनी बंदूकवाल्यांचा वेढा, आणि ही बहाद्दर मोबाइलवरून सगळं थेट दाखवत होती. "जग बघतंय तोवर आम्हाला कुणी हात लावणार नाही, बाबा," असं सकाळीच फोनवर म्हणाली होती.

"हात का थांबला?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी एकेक केबल उपसली. एकेक दिवा विझला. चौदावाही विझला. साहेबांनी आपला फोन पाहिला, नेट ठप्प होतं.

मिस्त्रींच्या खिशातला फोन थरथरला.

"बाबा, इथं सगळ्यांचं नेट बंद पडलं. माझ्या एकटीचं चालू आहे. मी दाखवतेय अजून."

त्यांनी वाकून पाहिलं. मांडणीच्या तळाशी, अंधारात, एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

पंधरावी केबल. भिंतीतून आलेली. त्या भिंतीपलीकडे तर नुसता रस्ता होता.

त्यांनी गाठ चाचपली.

उलटा पीळ.

अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त ऊर भरून आला. वा, आप्पा! नातीसाठी धावून आलात!

"झालं का सगळं?" साहेब दारातून ओरडले.

"माझ्या हातच्या चौदाही बंद," मिस्त्री ताठ मानेनं उठले. "लिहून देतो."

सही करताना पेन निसटलं. बोटांना मेण लागलं होतं. मऊ, अजून गरम.