भिंतीआडचे बेट

सुमती गुरव या शाळकरी मुलीचे, बाबांवरचा आळ खरा की खोटा असे विचारणारे पत्र येऊन महिना होत आला होता, आणि श्रीधरपंतांनी त्याला उत्तर दिले नव्हते. पंत जीवशास्त्रज्ञ खरे, पण स्वतःच्या मतावर त्यांचा भरवसा कमी. लिहायला बसत आणि खाडाखोड करून उठत.

सुमतीचे बाबा मांडसुऱ्याच्या देवराईचे (देवाच्या नावाने राखलेल्या रानाचे) राखणदार होते. तिथले वाळके पानही बाहेर न्यायचे नाही, असा गावाचा नेम. त्यात काही वर्षांपूर्वी गावाने श्रद्धेने चहूबाजूंनी उंच, गुळगुळीत भिंत बांधली. तरीही मोजणी करणारे ड्रोन दरवर्षी कमी प्रजाती (जीवांचे वेगवेगळे प्रकार) दाखवत होते. राखणदार प्राणी विकतो, अशी कुजबुज सुरू झाली. येत्या रविवारी ग्रामसभा त्यांना कामावरून काढणार होती.

“पण आजोबा, गेलं कोण कोण?” पंतांच्या नातीने, उर्वीने विचारले.

घरातल्या ठमा नावाच्या यंत्रमानवाने मोजणी वाचून दाखवली. पक्षी, फुलपाखरे, वटवाघळे होती तेवढीच. बेडूक, सापसुरळ्या, गोगलगायी मात्र घटत चालल्या होत्या.

“चोर भलताच शहाणा दिसतोय,” उर्वी म्हणाली. “पोपट सोडून गोगलगायी नेतो!”

पंत हसले, आणि हसता हसता थबकले. ते उठून परात, वाटी आणि मूठभर चिंचोके घेऊन आले. उर्वीने नेम न धरता चिंचोके उधळले. परातीत पुष्कळ पडले, वाटीत थोडे. लांबून उधळले तेव्हा दोन्हींत कमीच पडले.

पंतांनी तिला समजावले. परात म्हणजे मोठे बेट, वाटी म्हणजे लहान, आणि चिंचोके म्हणजे तिथे येऊन पोचणारे जीव. समुद्रातल्या बेटावरचे काही प्रकार अधूनमधून नाहीसे होतात, काही किनाऱ्यावरून नव्याने येतात. या जाण्या-येण्याचा तोल ज्या संख्येवर साधतो, तितके प्रकार तिथे टिकतात. बेट लहान असले, की प्रत्येक प्रकारचे जीव थोडेच राहतात. एखादा कडक उन्हाळा आला, की तो प्रकारच संपतो. आणि बेट दूर असले, की रिकामी जागा भरायला फारसे कोणी पोचत नाही.

“देवराई हेही बेटच. भोवती शेतांचा समुद्र. पूर्वी बेडूक बांधाबांधाने डोंगरातून येत. उडणारे भिंतीवरून येतात, पण यांची वाट भिंतीने बंद झाली.”

“म्हणजे सुमतीचे बाबा चोर नाहीत. लिहा मग.”

“माझं चुकत असलं तर?”

“तुम्ही गप्प बसलात तरी रविवारी निकाल लागणारच आहे, आजोबा. फक्त तुम्हाला न विचारता.”

पंतांनी ठमाला शेजारच्या गावाची मोजणी काढायला सांगितली. तिथल्या देवराईलाही तशीच भिंत होती, पण ती देवराई खूप मोठी. तिथेही जमिनीवरून येणारेच घटले होते, मात्र थोडे. अंदाज जुळला, तसे पंतांनी लिहायला घेतले. ‘तुझ्या बाबांचा यात काही दोष नाही,’ हे पहिलेच वाक्य. पुढे उपाय होता: भिंतीला तळाशी जागोजागी खिडक्या ठेवा, आणि तिथून डोंगरापर्यंत झाडाझुडपांचा पट्टा लावा. पावसाळ्यात मी स्वतः मोजायला येईन.

या वेळी त्यांनी काहीच खोडले नाही. टपालाचे ड्रोन गॅलरीत उतरले, तेव्हा त्यांनी पाकीट त्याच्या पोटात सरकवले. त्या दिवशी शुक्रवार होता.