चांदीचं औषध

कोपरगावच्या त्या दवाखान्यात सुकन्या दात दाखवायला नव्हे, भांडायला शिरली. ऊसतोड कामगारांच्या मुलांची तळावरची शाळा ती चालवायची. चार दिवस घरी, शेवगावला गेली, तेवढ्यात तळावर दातांचं शिबिर झालं. परत आली तर सहा वर्षांची संस्कृती तोंडावर हात धरून बसलेली. समोरचे दोन दात काळेकुट्ट. पोरं तिला ‘काळदाती’ म्हणून चिडवत होती.

"हे तुम्ही केलंत?"

डॉक्टर वैजनाथ मास्क खाली ओढत उठला. "चांदीचं औषध आहे, मॅडम. मशीन लावावं लागत नाही, कीड तिथंच थांबते. किडलेला भाग काळा पडतो, एवढंच—"

"एवढंच? तिच्या आईला विचारलं होतं?"

"मुकादमाला सांगितलं होतं..."

"दात मुकादमाचे होते?"

"चुकलं माझं," तो म्हणाला. त्यानं वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मला नका सांगू. तिच्या आईला, चांगुणाला सांगा."

दुसऱ्या दिवशी तो खरंच तळावर आला. चांगुणा फडातून नुकतीच परतली होती, हातात कोयता तसाच.

"पोरीचं तोंड काळं केलं तुमी. आमाला कुनी इचारायचं न्हाई व्हय?"

तो त्यांच्या पाचटाच्या कोपीसमोर मातीतच बसला. "विचारायला हवं होतं, ताई. हे दुधाचे दात आहेत, पडतील. तोवर पुढच्या दोन्ही दातांवर पांढरं सिमेंट बसवतो, हातानंच. दाढांनाही तेच औषध लावलंय, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

चांगुणानं लेकीकडे पाहिलं. "दुखतंय का गं?"

"न्हाई," म्हणत संस्कृतीनं भाकरीचा कडक पापुद्रा दाढेखाली कचकन मोडला. शिबिराआधी ती भाकर दुधात कुस्करून खायची, तीही रडत.

"दाढा ऱ्हाऊ द्या तशाच," चांगुणा म्हणाली. "पुढचे तेवढे पांढरे करा."

सुकन्यानं बॅटरी धरली. चमच्यासारख्या इवल्याशा हत्यारानं तो कीड खरवडत होता, आणि मधेच... नजर वर.

"अजून रागावलाय?"

"दाताकडे बघा."

पण तिचे कान तापले होते, आणि त्याचाही तिला राग आला.

पुढं तो दर आठवड्याला यायचा. प्रत्येक आईजवळ बसून डाग कसा पडेल ते सांगायचा, मगच औषध लावायचा. सुकन्या दर वेळी काहीतरी खोड काढायची. तो आला नाही, की मात्र सगळी संध्याकाळ पोरांवर खेकसायची.

मग हंगाम संपला. ट्रॅक्टरांवर भांडीकुंडी चढली. सुकन्या स्टँडवर एसटीत चढणार, तोच तो धापा टाकत आला.

"सुकन्या... मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"हे आज सांगताय? गाडी सुटायला आलीय."

"तुम्ही कायम रागात असायच्या. धीरच होत नव्हता."

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून तर जास्त चिडायचे." तिचे डोळे भरून आले होते. "रविवारी शेवगावला या. माझे वडील माझ्याहून तापट आहेत."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर मी त्यांच्याशी भांडेन," ती म्हणाली, आणि कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही.