ठरल्या वेळेनंतर

प्रशिक्षण संपवून मी रुग्णसेविका झाले आणि पहिलं काम मिळालं ते काकूंचं. त्यांचं कंबरेखालचं अंग गेलेलं, हात थरथरते. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर बदलायची, भरवायचं. संध्याकाळी ठरल्या वेळेला मी सुटायचे. थोड्या वेळात त्यांची लेक नोकरीवरून यायची.

पण मी निघायला लागले की काकूंची हाक यायचीच. "जरा उशी सरकव गं." "एवढं पाणी दे." नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. घरी पोचेपर्यंत अंगाचं पार चिपाड व्हायचं. आई ताट वाढता वाढता म्हणायची, "भीड भिकेची बहीण असते, बाई. झोपेतसुद्धा 'आले, आले' करतेस."

शेवटी एकदा मी पर्स उचलून सांगितलं, "काकू, माझी वेळ संपली. ताई येतीलच आता. मी निघते."

वाटलं, चिडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "जा की."

दुसऱ्या दिवशी ताईंनी दारातच माझा हात धरला. "काल मला फारच उशीर झाला. तू थांबलीस म्हणून बरं."

"मी तर वेळेवर गेले, ताई."

त्या हसल्या. "मग पाठमोरी कोण दिसली मला? आईला वळवत होतीस. मी हात धुऊन येईपर्यंत गेलीससुद्धा."

चादरीचे कोपरे मी दुमडते तसेच दुमडलेले होते. काकूंची पाठ कोरडी, स्वच्छ. आणि माझी कंबर अशी भरून आलेली, जणू रात्रपाळी केली होती.

पुढेही तेच. मी वेळेवर निघायचे आणि सकाळी उठायचे ती थकूनच. एकदा भरवताना विचारलं, "मी गेल्यावर कोण येतं, काकू?"

"तूच येतेस. फक्त बोलत नाहीस."

घास माझ्या हातातच राहिला. "तिला येऊ नको म्हणा."

"मी कशाला? तुझी आहे ती. तू सांग."

त्या संध्याकाळी निघताना, स्वतःचंच हसू येत असतानाही, मी रिकाम्या पॅसेजला सांगितलं, "वेळ संपली की काम संपलं. इथं पुन्हा यायचं नाही."

सकाळी काकूंची चादर चुरगळलेली होती. "लेक येईपर्यंत हाका मारून घसा कोरडा पडला," त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं. पण माझं अंग कापसासारखं हलकं होतं. ताईंशी बोलून संध्याकाळसाठी दुसरी बाई ठरवली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आई बाहेर गेली. मी आतून कडी लावली आणि जरा आडवी झाले.

डोळा लागतोय तोच खांद्याखाली एक तळवा आला, गुडघ्याखाली दुसरा. हिसका न देता, शिकवतात अगदी तसं, मला भिंतीकडे वळवलं.

उशी सारखी झाली.

"मला वळता येतं," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

ओठांवर कुणीतरी पाण्याचा बोळा टेकवला.