नको दाबलं, हो गेलं

हे नागसेन लिहिणारच नव्हता. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं. एक तर यात त्याची स्वतःची चूक आहे, आणि साधीसुधी नाही, भल्ली मोठी आहे. दुसरं म्हणजे यात एक पोरगी आहे. दोन्ही एकाच दुपारी, एकाच जिन्यानं वर आल्या... मग जसं झालं तसंच सांगून टाकायचं, म्हणून तो तिसऱ्यांदा बसला.

डिसेंबरचा शुक्रवार होता. प्रताप नगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली आहे, तिथं बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्याचं ऑफिस. दरवर्षी मेळाव्यासाठी फोटो-माहितीचं जाडजूड पुस्तक छापायचे. यंदा नागसेननं ते सगळं वेबसाईटवर चढवलं होतं. एका स्थळाचं एक कार्ड. कार्डाला बोट लावलं की ‘आवडलं’, आणि त्याच क्षणी समोरच्याला मेसेज. अध्यक्ष बाबारावांचीच तशी मागणी होती... "म्हाताऱ्यांचं बोट जाडं असते गा, बारकं बटण नको ठेवू. अख्खं कार्डच दाबता आलं पाहिजे."

चार दिवसांत दोनशे बारा ‘आवडलं’!

"यंदा पोरं-पोरी भल्ले हो म्हणून राहिले बाप्पा," असं म्हणत बाबाराव पेढे आणायला गेले होते. नागसेन एकटाच खुर्चीत रेलून बसला होता. कुठला क्लास नाही, कुठली डिग्री नाही, मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून शिकलेला गडी. हे त्याचं पहिलं खरं काम. तेही दोस्तानं शब्द टाकला म्हणून मिळालेलं. आज जरा फुगायला हरकत नव्हती.

जिन्यावर चपला वाजल्या. चिडलेल्या चपला वेगळ्या वाजतात.

"बाबाराव कुठी आहेत?"

दारात एक मुलगी. खांद्यावर पांढरा ॲप्रन, श्वास चढलेला, मोबाईल समोर धरलेला. पुढचं बोलणार, तेवढ्यात तिची नजर नागसेनवर थांबली... जरा जास्तच थांबली... आणि झटकन खिडकीकडे गेली.

"बाहेर गेले जी. मले सांगा नं ताई, काय झालं?"

"ताई नका म्हणू," ती म्हणाली. हेही जरा जास्तच घाईनं.

तिचं नाव अस्मिता. धरमपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घेते. जेवणाची सुट्टी मोडून आली होती.

"एका स्थळाले मी ‘नको’ दाबलं. त्यांच्याकडे गेलं ‘आवडलं’. परवा, रविवारी, पाहायले येऊन राहिले ते लोक. बाबा म्हणतात मेसेज खोटा कसा असंन, तूच हो म्हटलं आणि आता तूच फिरून राहिली." तिनं मोबाईल टेबलावर ठेवला. "आजपर्यंत मले घरात कोणी खोटी नाही म्हटलं जी. काल बाबा म्हटले."

"चुकून कार्डाले बोट लागलं असंन..."

"दिवसाले साठ जणांच्या हाताले सुई टोचते मी. शीर चुकत नाही माही. एवढं मोठं बटण चुकीन काय?"

नागसेननं माऊस हातात घेतला. मग कामाचा आव आणत त्यानं विचारलं, "कोणाचं कार्ड होतं?"

"संघपाल नाव आहे. मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं काम करतात."

नागसेननं माऊस सोडून दिला.

संघपाल म्हणजे त्याचा दोस्त. तोच, ज्यानं शब्द टाकून हे काम मिळवून दिलं होतं. परवा चहाच्या टपरीवर ‘अस्मिता यांनी तुम्हाला पसंत केलं आहे’ हा मेसेज त्यानं नागसेनला सात वेळा वाचून दाखवला होता. सातही वेळा नवा असल्यासारखा. घरी त्याची आई, तुळसा मावशी, लाडवांसाठी रवा भाजत होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी नागसेनच्या मनात पाप आलं. ‘पाहिलं, काही सापडत नाही’ एवढं म्हटलं की संपलं. वेबसाईटची अब्रू शाबूत, दोस्ताचं लग्न पक्कं. ही पोरगी अजून थोडी रडेल, मग होईल सवय...

"पाहून राहिले की विचार करून राहिले?" ती खुर्ची ओढून शेजारी बसली. स्पिरिटचा मंद वास आला. "आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट विचित्र आला तर पेशंटशी भांडत नाही. सॅम्पल परत लावतो. लावा."

आता पळायला जागा नव्हती. नागसेननं कोड उघडला. ‘नको’च्या बटणाला एक ओळ जोडली, दाबलं की लिहून दाखव, ‘बटणानं ऐकलं’. कार्डाला दुसरी, ‘कार्डानं ऐकलं’. सरळ हिशेब होता. ‘नको’ दाबल्यावर एकच ओळ यायला हवी.

"तुम्हीच दाबा," तो म्हणाला.

तिनं दाबलं. एकदाच. दोघंही स्क्रीनकडे वाकले.

बटणानं ऐकलं.

आणि त्याच्याखाली, लगेच... कार्डानं ऐकलं.

"परत," ती हळूच म्हणाली. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

नागसेनच्या कानातून वाफा निघायच्या बाकी होत्या. "चूक तुमची नाही. माही आहे."

"समजेल असं सांगा."

"घरात पोराले हाक मारली की अंगणातल्या मायलेही ऐकू जाते नं? तसं. हे ‘नको’चं बटण मागून आलं. बाबाराव म्हटले, नको असलेलं स्थळ डोळ्यासमोरून जायले पाहिजे. मी ते कार्डाच्या पोटातच बसवून देलं. बटण आपलं काम करते, पण क्लिक तिथं थांबत नाही, वर चढत जाते. कार्डाले वाटते, मलेच दाबलं. ते म्हणते, आवडलं. थांबवायची सोय आहे जेक्वेरीत, म्हणजे या कोडमध्येच... ‘हाक इथंच थांबव’ अशी एक ओळ. ती लिहिलीच नाही मी."

"एक ओळ?"

"एक ओळ."

"दोन दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "एका ओळीपायी."

त्यानं ती ओळ तिच्यासमोर लिहिली. तिनं पुन्हा ‘नको’ दाबलं. बटणानं ऐकलं. बस्स, एवढंच. खाली कोरी जागा. इतकी कोरी जागा नागसेनला कधी सुंदर वाटली नव्हती, आणि इतकी लाजिरवाणीही.

"बाबांना दाखवायले कागदावर देता येईल?"

देता येत होतं. कोणी, कधी, काय दाबलं याची नोंद वेबसाईट ठेवत होती. त्यानं तिचं नाव टाकलं, यादी आली. संघपाल, नको. त्याच सेकंदाला संघपाल, आवडलं. पुढचं स्थळ, नको. त्याच सेकंदाला आवडलं. चौदा स्थळं, सगळ्यांची जोडी.

"पहा! पहा!" ती आनंदानं टाळी वाजवणारच होती. "सगळ्यांना नको म्हटलं होतं मी, सगळ्या..."

आणि थांबली. कारण नागसेन यादी खाली सरकवत होता, आणि सगळ्यात खाली एक ओळ एकटीच होती. तिला जोडी नव्हती. ‘नको’ नव्हतंच. नुसतं ‘आवडलं’.

समोर नाव होतं नागसेन.

त्यानं वेबसाईट तपासायला स्वतःचं कार्ड टाकलं होतं. फोटो खरा, फोन नंबर खोटा, सगळे नऊ. अपेक्षेच्या रकान्यात काय लिहायचं सुचलं नाही, म्हणून वेबसाईटकडून असलेली अपेक्षाच लिहिली होती, ‘पान तुटू नये, एवढीच.’ काम झाल्यावर काढायचं राहूनच गेलं.

"ती ओळ... छापू नका," अस्मिता म्हणाली. खिडकीकडे बघत.

"हे चुकून लागलं?"

"सांगितलं नं. बोट चुकत नाही माझं."

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. नागसेनला वाटलं, आपल्याच छातीत घरघरतंय.

"पण... काहून?"

"चौदा जणांनी लिहिलं, सुशील पाहिजे, घरकामात हुशार पाहिजे. एकानं लिहिलं, पान तुटू नये." तिच्या ओठाचा एकच कोपरा हलला. "हसू आलं. लॅबमध्ये हसायले कोणी येत नाही जी. चार दिवस उत्तराची वाट पाहिली."

"नंबर खोटा होता."

"मंग माझा हो गेला कुठी?"

"कुठीच नाही... आत्ता पोचला."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्यानंही पाहिलं. आणि नेमका तेव्हाच तुळसा मावशीच्या रव्याचा वास त्याच्या डोक्यात शिरला.

"संघपाल माझा दोस्त आहे," तो म्हणाला. "लहानपणापासूनचा. हे काम त्यानंच देलं मले."

तिचा चेहरा उतरला. बराच वेळ ती ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

"मंग त्याले सांगा लागन."

"सांगतो. बटणाचं सांगतो."

"आणि खालच्या ओळीचं?"

तो कीबोर्ड सरळ करत बसला.

"हे पहा," ती उठली, "आम्ही अर्धा रिपोर्ट देत नाही. द्यायचा तर पुरा." छापलेला कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला. दारात क्षणभर थांबली. "उद्या सातले सुट्टी होते माझी. सांगून झालं असंन... तरच लॅबवर या."

चपला खाली गेल्या. या वेळी चिडलेल्या नव्हत्या, पण जपून पडत होत्या.

बाबाराव पेढे घेऊन आले, तेव्हा नागसेननं त्यांना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोनशे बारामधले खरे किती? छत्तीस. बाबारावांनी डब्याचं झाकण परत लावलं. "उद्यापासून एकेका घरी फोन करायचा," ते म्हणाले, "आणि तू बोलायचं, मी नाही."

साडेपाचला टपरीवर संघपाल आला. गाडीच्या हँडलला नव्या शर्टाची पिशवी.

"अबे, निळा घेतला. मले निळा शोभते का गा?"

"बस जरा."

"कोणी मेलं काय बे, असं तोंड करून बसला!"

नागसेननं सांगितलं. आधी बटणाचं. संघपालचा कप ओठापाशी थांबला, मग हळूच बाकावर आला. मग नागसेननं खालच्या ओळीचंही सांगितलं. एक शब्द गिळला नाही.

संघपालनं हँडलवरची शर्टाची पिशवी काढून बाकावर ठेवली.

"वा रे पठ्ठ्या," तो म्हणाला. "बटण तू बनवलं, फोटो तू लावला, पोरगी तुले भेटली. मी काय, टेस्टिंगले होतो?"

"संघ्या..."

"चूप. एक सांग. मेसेज मी वाचून दाखवत होतो, तेव्हा तुले माहीत होतं?"

"नाही. आईची आण."

"नाही?"

"आज दुपारी कळलं. तिच्यासमोरच."

संघपालनं मान हलवली. डोळे भरलेले, पण आवाज ताठ. "तुह्या लग्नात मी नाचणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पाहू, पुढं कसं वाटते ते." नाक पुसून म्हणाला, "पण माय. तिनं आख्ख्या गल्लीले सांगून ठेवलं, पोरीनं स्वतःहून हो म्हटलं म्हणून. आता ती त्याच पोरीले शिव्या देईन, फिरली म्हणून. पोरीचा काय गुन्हा? माह्यानं नाही सांगवणार मायले."

"मी सांगतो."

"बोलशीन, आणि ऐन वेळी मोबाईल बंद करशीन."

नागसेननं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, मग ठेवला नाही. आज तो हक्क नव्हता.

"उद्या सकाळी आठले येतो," तो म्हणाला. "तू फक्त दार उघड. मावशीसमोर खाली बसतो आणि सगळं सांगतो. चूक माझी, पोरगी खरी, आणि ती मले आवडते हे पण. मारलं तरी उठणार नाही, हाकललं तरी उठणार नाही. मावशी स्वतःहून ‘जा’ म्हणेपर्यंत बसून राहीन. वचन देतो तुले."