कोरसमधला तिसरा

जो माणूस रेकॉर्डी जमवतो तो काळाला थांबवून धरतो, असं चंद्रभानचं मत होतं आणि ते तो अतिशय गंभीर चेहऱ्याने सांगत असे. त्याच्याजवळ एकशे अकरा रेकॉर्डी होत्या. त्या वाजवायचं यंत्र नव्हतं.

पूर्वी होतं. एकाहत्तर साली कामठीच्या छावणीतून एका कर्नलची बदली झाली आणि त्याच्या रेकॉर्डींची पेटी विकायला निघाली. पेटी घेता यावी म्हणून चंद्रभानने प्लेअर विकला. तेव्हापासून नागपुरात इंदोऱ्याच्या आपल्या खोलीत तो रेकॉर्डी पाहत असे. खिडकीजवळ तिरपी धरायची, उजेड रेषांवरून फिरवायचा आणि मान डोलवायची. त्याच्याच पाटबंधारे खात्यातल्या मनोहररावांनी एकदा हे पाहिलं आणि याचं लग्न करून टाकलं पाहिजे, असं ऑफिसात सांगितलं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तो कामठीला रुपरावच्या भंगार दुकानात गेला. छावणीतले साहेब बदलले की त्यांचे आरसे, खुर्च्या आणि कंटाळा रुपरावकडे येत असे. दुकानात खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत होता, ओल्या खसाचा वास होता, आणि त्या वासात एक मुलगी एक रेकॉर्ड दोन्ही हातांनी धरून उभी होती. जुनी, जाड, पडली की फुटणारी रेकॉर्ड. उन्हात राहिल्यामुळे ती परातीसारखी खोल झाली होती.

चंद्रभानने नाव वाचलं. शाहीर कन्हानकर आणि पार्टी. हे नाव त्याने कुठल्याच यादीत पाहिलेलं नव्हतं. जमवणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

"घेऊन राहिल्या का तुम्ही?" त्याने विचारलं.

"पाहून राहिली." तिने मान वर केली. "याच्यात पाणी ठेवलं तं चिमण्या पितील."

"सीधी होते ती. काचेत ठेवाव लागते."

"तुम्हाले येते?"

येत होतं. ही विद्या नागपुरात मेहनतीने नाही, हवामानाने मिळते. दोन काचांमध्ये रेकॉर्ड ठेवायची, गच्चीवर उन्हात मांडायची, वर वजन द्यायचं आणि नरम पडली की सावलीत न्यायची. मिनिट जास्त झालं तर पापड.

तिचं नाव प्रेमिला. कामठीच्याच प्राथमिक शाळेत ती शिकवत होती. तिने जे सांगितलं ते असं — तिचे वडील रामाजी तरुणपणी शाहीर कन्हानकरांच्या पार्टीत होते. एक्कावन्न साली मुंबईचे रेकॉर्डवाले नागपुरात आले, सीताबर्डीच्या एका हॉटेलात खिडक्यांवर गाद्या टांगल्या आणि हा पोवाडा भरून घेतला. कोरसमध्ये तीन आवाज होते. तिसरे रामाजी. पार्टीत प्रत्येकाला एकेक रेकॉर्ड मिळाली. ती ऐकायला रामाजींनी वर्षभर मागावर जास्तीचं विणून हातानं चावी द्यायचं मशीन आणलं. मशीन घरी आलं त्याच्या चार दिवस आधी तीन वर्षांची प्रेमिला रेकॉर्डवर बसली.

"मंग?"

"मंग काय. फुटली. बाबा मले कधीच बोलले नाही." ती रेकॉर्डकडे पाहत म्हणाली. "आई मात्र म्हणते, हे रेकॉर्डवर नव्हतेच, यांनी सोडलेली हवा आहे."

कंपनीने दुसरी प्रत काढली नाही, कारण पहिलीच खपली नव्हती.

म्हणजे तिच्याकडे मशीन होतं आणि रेकॉर्ड नव्हती. चंद्रभान तिच्याकडे पाहत राहिला. डोळे बरे होते, वेणी बरी होती, कपाळावर घामाचा एक थेंब भुवईशी येऊन थांबला होता... पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात मशीन होतं.

तुम्हीच विकत घ्या, असं तो म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो जमवणारा होता. रेकॉर्ड त्याने घेतली. सीधी करून आणतो, तुमच्या घरी वाजवू, बाबा ऐकतील, आणि मग परत नेईन, असं त्याने सांगून टाकलं.

"आमच्याजवळ ठेवून नाही देणार?"

"रेकॉर्ड मी देत नसतो. उसनीही नाही. सख्ख्या भावाला दिली नाही."

"बरं आहे तुमचं," प्रेमिला म्हणाली. "भाऊ येत असंल तं रेकॉर्डी झाकून ठेवत असाल."

ठेवत होता. हे तिला कसं कळलं, याचं त्याला बसमध्ये इंदोऱ्यापर्यंत आश्चर्य वाटत होतं.

पहिल्या रविवारी चंद्रभान कामठीला गेला तो रेकॉर्ड न घेता. अजून सीधी झाली नाही, म्हणाला. मशीन तेवढं पाहून घेतो. त्याने मशीनवरून फुलदाणी उचलली, झाकण उघडलं, चावी दिली, आणि फिरणाऱ्या तबकडीकडे पाहत राहिला. प्रेमिलाच्या आईने, रंभाबाईंनी चहा दिला. रामाजींनी एक्कावन्न सालची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, गाद्यांच्या रंगासकट. प्रेमिला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने विचारलं, मशीन पसंत आहे का?

"मशीन छान आहे," तो मशीनकडे न पाहता म्हणाला.

दुसऱ्या रविवारी रेकॉर्डचा काठ वर उचलला गेला होता म्हणे. तिसऱ्या रविवारी ऊन कमी पडलं. त्या दिवशी नागपुरात पारा पंचेचाळीसवर होता. रंभाबाईंनी त्याच्या पानात न विचारता तिसरी भाकर वाढली. भाकर तव्यावरून येत होती, आणि प्रेमिला ती फुंकर घालून ठेवत होती... फुंकर घालताना वर पाहायचं काही कारण नव्हतं, पण ती पाहत होती.

चौथ्या रविवारी दुपारी ती त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. कडुनिंबाच्या सावलीत थांबली आणि पिशवीतून काळा तुकडा काढला. फुटलेल्या रेकॉर्डचा. रामाजींनी एकवीस वर्षं जपून ठेवलेला.

"हा वाकडा होता. काल शाळेच्या खिडकीच्या दोन काचांत ठेवला. पटांगणात." तिने तुकडा त्याच्या हातात दिला. "अकरा मिनटं लागले, चंद्रभानजी."

तुकडा अगदी सपाट होता. त्याने तो तिरपा धरला, उजेडात फिरवला. सवय.

"पह्यल्याच रविवारी झाली ना सीधी?"

"शनिवारी," तो म्हणाला. "मंग... मंग मी काहून येणार होतो?"

ती हसली नाही. तिला हसू आलं होतं, पण तिने ते बाजूला ठेवलं. "बाबा पावरलूमवर वीस वर्सं राहिले. डावा कान केव्हाच गेला. उजवा मागच्या महिन्यात होता त्याहून कमी आहे. आता मी बाजूला बसून बोलते तं ते माह्या तोंडाकडे पाह्यतात." जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्याजवळ लय रविवार असतील. त्यांच्याजवळ नाही."

बस आली. चंद्रभान चढला. इंदोऱ्याला उतरला, खोली उघडली, रेकॉर्ड धोतराच्या मऊ फडक्यात आणि मग टॉवेलात गुंडाळली आणि पुढच्याच बसने उलट निघाला. खड्डा आला की तो सीटवरून अर्धा उठून उभा राहत होता, म्हणजे धक्का रेकॉर्डला न बसता गुडघ्यांना बसावा. शेजारच्या बाईने विचारलं, लेकरू आहे का? तो हो म्हणाला.

ऊन उतरायच्या आत तो दारात होता.

रामाजी मशीनजवळ खाली बसले आणि उजवा कान झाकणाच्या पोटाशी नेला. प्रेमिलाने चावी दिली. खरखर आली, डफ आला, शाहिरांनी गावच्या विहिरीची हकिगत सांगायला सुरुवात केली. रामाजींचा चेहरा हलेना. प्रेमिलाने चंद्रभानच्या बाहीचं टोक धरलं. तिने कदाचित आपलाच पदर धरायचा विचार केला असावा.

मग शाहीर थांबले आणि तीन आवाज आले. जी जी रं जी. जी जी रं जी.

"तो..." रामाजी म्हणाले. "तो जरासा मागं राह्यला ना, तो मी."

रेकॉर्ड संपली. रंभाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या, एकाच पदराने.

"इतकंच?" त्या शेवटी म्हणाल्या. "हे तं मी तुमच्या घरात पंचवीस वर्सांपासून रोज म्हणून राह्यली. माही नाही काढली कोणी रेकॉर्ड."

"काय म्हणते वं?" रामाजींनी विचारलं.

"काही नाही जी. पुन्हा लावा म्हणते."

ती आणखी नऊ वेळा लागली. नवव्या वेळी रंभाबाईही त्यात जी म्हणत होत्या, आणि त्या मागे राहत नव्हत्या.

चंद्रभान उठला. चपला घातल्या. प्रेमिला मागोमाग अंगणात आली, हातात टॉवेल घेऊन.

"रेकॉर्ड विसरले तुम्ही."

"नाही."

"मंग?"

तो चपलेकडे पाहत राहिला. असं बोलायची त्याला सवय नव्हती. हा शब्द त्याने आयुष्यात कधी वापरलाच नव्हता. "...ठेवा," तो म्हणाला.

प्रेमिलाने टॉवेलची घडी केली. मग उघडली आणि पुन्हा केली. तिला त्याच्या सख्ख्या भावाची आठवण झाली असावी.

"अन् त्या एकशे अकरा?" तिने विचारलं. "त्या काहून एकट्या ठेवता?"

नोव्हेंबरमध्ये इंदोऱ्याच्या विहारात लग्न झालं. रामाजींनी मशीन आणि रेकॉर्ड दोन्ही मुलीसोबत दिलं. ऐकून झालं माझं, म्हणाले, आणि त्यानंतर दर रविवारी बसने येऊन उजवा कान लावून जाऊ लागले.

लग्नानंतर चौथ्या दिवशी, ऑफिसला सुट्टी असताना, प्रेमिलाने मशीनचं झाकण उघडलं, चावी भरली आणि कर्नलच्या पेटीतली एक मोठी, चकचकीत रेकॉर्ड मोठ्या हौसेने बाहेर काढली. चंद्रभानने तिचा हात धरला. तिला वाटलं, प्रेमाने धरला. काही अंशी ते खरंही होतं.

मग त्याने तिला सांगितलं. पहिल्या रविवारी फुलदाणी उचलली तेव्हाच त्याला दिसलं होतं. ते चावीचं मशीन मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेतं, आणि त्याच्या एकशे अकराच्या एकशे अकरा रेकॉर्डी तेहतीस फेऱ्यांच्या होत्या.