सुटीचा भोंगा

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतखेत मला चालत नाही, वर्गातही नाही अन् घरातही नाही. नांदेडच्या व्याख्यानमालेत यंदा जुन्या कापडगिरणीवर भाषण होतं, तर मायला मुद्दाम घेऊन गेले.

बाबा त्या गिरणीत होते. घरी यायचे ते केसांत, भुवयांत कापूस घेऊनच. तो वेचून काढायचं काम माझं. सुटीचा भोंगा झाला की माय तव्यावर भाकर टाकायची. गिरणी बंद पडली त्या दिवशी बाबा सकाळीच पाळीला गेले होते. भोंगा झालाच नाही, अन् बाबाही आले नाहीत. नदीकाठ पालथा घातला, काही हाती लागलं नाही. तेव्हापासून मायनं भाकर थापली नाही, भातावर राहिली.

भंतेजींना बोलावून पुण्यानुमोदन करू, मेल्यामागचं तेवढं तरी होऊ दे, म्हटलं की तिचं एकच.

"भोंगा न्हाई झाला. सुटीच न्हाई, तर माणूस मेला कसा?"

आता काय कपाळ फोडायचं! गिरणी संपली, हे तिनं चारचौघांत ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

वक्ते चांगले बोलले. शेवटी म्हणाले, त्या भोंग्याचा आवाज कुणीच टिपून ठेवला नाही, तो आता कधीच ऐकू येणार नाही. मग जरा थांबले.

माय उठली.

पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्याही उठल्या. एकमेकींकडे न बघता, पदर सावरत दाराकडे निघाल्या. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. वक्त्यांच्या ग्लासातलं पाणी तेवढं थरथरत होतं.

"चल लुंबे," माय मला म्हणाली. "भाकर टाकायची हाय."

ज्वारीचं पीठ शेजारच्या सुकन्याकडून आणलं. भाकर टम्म फुगली. मायनं ताट वाढलं, तांब्या भरला, मला बाहेर बसवलं अन् दार लोटून घेतलं.

मी पायरीवर बसून रडले. आतून तिचं हळू बोलणं येत होतं, एकटीचंच.

दार उघडलं. ताट रिकामं होतं.

"बोलाव तुझ्या भंतेजीला," ती म्हणाली. "जेवून गेले त्ये."

तिनंच खाल्लं असणार.

ती दिवा लावायला वळली. पातळावर, खांद्यापाशी, कापूस चिकटला होता. सवयीनं माझा हात गेला.

कापूस घामानं ओला होता.