मागच्या सीटचं वजन

मोटरसायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा मला एक्कावन्नावं लागलं होतं. मुलगी नोकरीसाठी दूर गेली होती, गुडघे अजून धड होते, आणि वीस वर्षांची असल्यापासून मनात असलेला बारा दिवसांचा एकटीचा प्रवास आता नाही तर कधीच नाही, हे मला कळून चुकलं होतं. नवऱ्याने कागदपत्रांवर शांतपणे सही केली आणि म्हणाला, "लोकांच्या बायकांना सवत येते. इथे नवऱ्याला आली."

गाडी जुनी होती पण निगा राखलेली होती. उंच, लांब पल्ल्याची, डांबरावर चालेल आणि दगडधोंड्यांतूनही जाईल अशी. तरी कुणाची तरी गाडी आपली करायची तर ती अंगाबेताची करून घ्यावी लागते. ते काम मी ज्यांच्याकडे दिलं त्यांना सगळे 'चौदानंबर' म्हणायचे, कारण चौदा नंबरचा पाना कायम त्यांच्या वरच्या खिशात असायचा. साठीचा माणूस. बोलणं मोजकं, हात स्वच्छ.

तीन आठवडे ते काम चाललं. हँडल दोन बोटं वर उचललं, म्हणजे उभं राहून चालवताना पाठ वाकू नये. इंजिनाखाली दगड लागू नयेत म्हणून जाड पत्रा, पडल्यावर टाकी चेपू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी गार्ड, मोठ्या खाचांचे टायर, मागे दोन पेट्या. मागच्या माणसाचे फूटरेस्ट त्यांनी काढून टाकले. "एकट्याच जाणार. कशाला ओझं वाहायचं?"

सगळ्यात शेवटी मागची स्प्रिंग. चालवणारा सामानासकट बसला की मागची बाजू ठरावीक बोटंच खाली बसायला हवी. जास्त बसली तर पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी हाताबाहेर जाते. त्यांनी टेपने मोजून स्प्रिंग आवळली. बरोबर झाली.

चार दिवसांनी मी गेले तेव्हा ती जास्त बसत होती.

त्यांनी पुन्हा आवळली. आठवड्याने पुन्हा तेच. स्प्रिंग दमली असेल म्हणून नवी घातली. तीही बसली. तेव्हा त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

"ताई, एकट्याच जाणार ना?"

"हो. का?"

"काही नाही. गाडी दोघांची स्प्रिंग मागतेय."

मी हसले, पण ते हसले नाहीत.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी वजनकाटे दुरुस्त करते. दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांच्या काट्यापासून गोदामातल्या जमिनीलगतच्या काट्यापर्यंत सगळे माझ्याकडे येतात. काटा खोटं बोलतोय की माणूस, हे ओळखण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत, आणि बहुतेक वेळा माणूसच निघतो. तेव्हा टेप आणि बोटं यांच्यावर वाद घालण्यापेक्षा मी गाडी सरळ माझ्या वर्कशॉपमध्ये नेली.

तिथे जमिनीत बसवलेला मोठा काटा आहे. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा. नवऱ्याला आकडे वाचायला बसवलं. सामानासकट गाडी दोनशे छत्तीस किलो. जॅकेट, बूट, हेल्मेट घालून मी चौसष्ट. बेरीज तीनशे. मी गाडीवर बसले, दोन्ही पाय काट्यावरच टेकवले.

"तीनशे अकरा," नवरा म्हणाला.

"नीट बघा."

"अगं, मला आकडे वाचता येतात."

काटा साफ केला, पातळी तपासली, प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. मी पुन्हा बसले. तीनशे अकरा. मग नवऱ्याला बसवलं, जो बहात्तर किलोचा आहे आणि ज्याने जन्मात मोटरसायकल चालवलेली नाही. तीनशे आठ. जिथल्या तिथे.

म्हणजे चूक गाडीत नव्हती, काट्यात नव्हती आणि माझ्यातही नव्हती. चूक मी आणि गाडी एकत्र आल्यावर होत होती.

त्या दिवशी आम्ही दोघांनीही तो विषय वाढवला नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी न सांगताच नवरा वर्कशॉपकडे चालू लागला. तीनशे एकोणतीस. त्याच्या पुढच्या रविवारी तीनशे एक्कावन्न. कुणीतरी आधी नुसता हात टेकवावा, मग एक पाय टाकावा, मग जरा रेलून बघावं, तसं ते वाढत होतं. चौथ्या रविवारी तीनशे अठ्ठावन्न, आणि तिथे ते थांबलं. नंतर कितीदा तरी पाहिलं, एक आकडाही हलला नाही.

अठ्ठावन्न किलो जास्त. एका बेताच्या अंगाच्या माणसाचं वजन.

मी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती. सकाळचं ऊन पडलं होतं, शटर अर्धं उघडं होतं, बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. घाबरायला कुठे जागाच नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

माझी आई गेली तेव्हा चाळीस किलोचीही नव्हती. वडील ऐंशी किलोच्या वर होते. सासूबाई, आत्या, शाळेतली एक मैत्रीण, सगळ्यांची मी मनात उजळणी केली. या वजनाचं माझ्या ओळखीतलं कुणी गेलेलं नाही. गाडीचा जुना मालक जिवंत होता. फोन केला तर गाडी कशी चाललीय म्हणून त्यानेच उलट विचारलं.

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला.

"तीस वर्षं थांबले आहे मी."

"मग मी मागे बसून येतो."

"जागा कुठाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी चौदानंबरांना म्हणाले, "मिस्त्री, स्प्रिंग दोघांच्या हिशेबाने आवळा." त्यांनी पाना फिरवला, टेप लावली, मान हलवली. मग आतल्या खणातून मागचे दोन्ही फूटरेस्ट काढले आणि जागच्या जागी बसवायला लागले.

"ते कशाला?"

"ज्याचे पाय लोंबकळतात तो गाडी हलवतो," ते म्हणाले. एवढंच.

पहिले पाच दिवस सुखाचे गेले. गाडी पाण्यासारखी चालली. मुक्कामाला पोचले की मी साखळीला तेल द्यायचे, नट तपासायचे, नवऱ्याला फोन करायचे. पेट्यांवर, बुटांवर, हेडलाइटवर धुळीचा थर असायचा. मागच्या फूटरेस्टचे रबर मात्र स्वच्छ असायचे, नुकते पुसल्यासारखे. तिसऱ्या दिवसापासून मी खराब रस्ता आला की "धर नीट" असं म्हणायला लागले. आधी गंमत म्हणून, मग सवयीने. मागे बसणारा नवखा असला तर वळणावर उलटा झुकतो आणि गाडी जड करतो. हे वजन कधीच उलटं झुकलं नाही.

सहाव्या दिवशी डोंगराच्या कुशीतली पायवाट होती. डावीकडे कातळ, उजवीकडे काही नाही. खाली बरंच खोलवर झाडांचे शेंडे दिसत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आकाश स्वच्छ होतं. मी उभी राहून, पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू जात होते. चूक झाली ती माझीच. एक पसरट दगड पक्का वाटला, आणि मी पुढचं चाक त्याच्यावर घातलं.

दगड फिरला.

पुढचं चाक कड्याकडे घसरलं. मी धपकन सीटवर बसले. गाडी उजवीकडे कलली.

मी उजवा पाय टाकला. पायाखाली जमीन नव्हती.

दोनशे छत्तीस किलोची गाडी एकदा कलली की माणसाच्या बळाने सावरत नाही. मला हे आकड्यांत माहीत होतं. त्या क्षणी मला मुलगी आठवली नाही की नवरा. मला फक्त कळलं की आता झालं.

तेवढ्यात मागची स्प्रिंग करकरली.

डाव्या बाजूला.

कुणीतरी डाव्या फूटरेस्टवर दोन्ही पायांनी उभं राहून अंग बाहेर झोकून द्यावं, तशी गाडी डावीकडे ओढली गेली. जोरात नाही. ठामपणे. हँडल माझ्या हातांत सरळ झालं. माझा डावा खांदा कातळाला लागला आणि गाडी थांबली.

इंजिन बंद पडलं.

उजवीकडून दगड खाली जात राहिल्याचा आवाज खूप वेळ येत होता.

मग स्प्रिंग हळूच वर आली आणि परत बसली. उभं राहिलेलं माणूस पुन्हा जागेवर बसतं, तशी.

मी मागे वळले नाही. वळायचं धैर्य नव्हतं म्हणून नाही, तर कुणी आपल्यासाठी एवढं केल्यावर त्याच्याकडे रोखून पाहणं मला बरं वाटेना. मी हेल्मेटची काच वर केली, आणि रडले. पोटभर रडले. "उपकार झाले," एवढंच मला म्हणता आलं. वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही.

उरलेले सहा दिवस मी आयुष्यात कधी नव्हते इतकी हलकी होते. डोंगरामागचं तळं पाहिलं. त्याच्या काठावर बसून भाकरीचा तुकडा मोडताना वाटलं, हा घास मला फुकटात मिळाला आहे. हे पाणी, हे ऊन, ही दुखरी कंबर, सगळंच.

परतल्यावर चौदानंबरांनी गाडीभोवती दोनदा फिरून पाहिलं. मागचा डावा फूटरेस्ट खाली वाकला होता. गाडी त्या बाजूला पडली नव्हती, गार्डवर साधा ओरखडा नव्हता. त्यांनी तो सरळ केला, रबरावरून हात फिरवला आणि मला पाणी आणून दिलं.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो उठून अंगणात गेला, मोटरसायकलच्या मागच्या सीटसमोर उभा राहिला आणि चक्क हात जोडले. "तुमचे फार उपकार झाले," तो म्हणाला. परक्या पाहुण्याशी बोलावं तसं, अहोजाहो करून. मला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. भीतीने नाही, घरचं माणूस प्रवासातून आल्यावर ठीक आहे ना बघावं, तसं.

"तीनशे अठ्ठावन्न," नवरा म्हणाला. "जागच्या जागी आहे." त्याला हायसं वाटलं होतं.

तो बाहेर गेल्यावर मी त्याच जॅकेट-बुटांत एकटी काट्यावर उभी राहिले. एकसष्ट. बारा दिवसांच्या दगदगीत तीन किलो जाणं काही विशेष नाही, म्हणून मी उतरले. मग गाडीचे तेच दोनशे छत्तीस धरून वजाबाकी केली. मागचंही एकसष्ट झालं होतं.

याला आता चार महिने झाले. मी नीट जेवते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, म्हणाल्या, "तुमच्यासारखी तब्येत माझी असती तर!" नवरा दर रविवारी एकूण आकडा वाचतो, तीनशे अठ्ठावन्न, आणि समाधानाने चहा टाकायला जातो. वेगळे आकडे मी त्याला सांगितलेले नाहीत. माझा सत्तावन्न आहे. जॅकेटच्या आत मी आता दोन सदरे घालते.

माझी तक्रार नाही. त्या कड्यावरून माझे चौसष्टच्या चौसष्ट किलो खाली गेले असते. त्यातले सात कुणी घेतले तर काय बिघडलं? मुलगी पुढच्या आठवड्यात येते आहे, आणि तिला पाहायला मी आहे.

परवा गावाबाहेरच्या रस्त्यावर जरा फिरून आले. शेवटच्या वळणाआधी समोरून वाळूचा ट्रक आला. माझे हात अजून हँडलवर हलले नव्हते, तेव्हाच गाडी वळली.

वळण अगदी बरोबर घेतलं होतं.